तालुक्याचा वार्ताहर टिकणार कसा? गोव्यातली बातमी, पैसा आणि मोबाइल

वाळपईकर
आमच्या भागात एका मराठी दैनिकासाठी वर्षानुवर्षं लिहिणाऱ्या वार्ताहराने काम सोडलं. मिळणारं मानधन गाडीच्या पेट्रोललाही पुरत नाही, एवढंच त्याचं म्हणणं. त्याच्या जागी कुणी आलेलं नाही. आमचा सत्तरी तालुका आता शेजारच्या तालुक्याचा माणूस सांभाळतो, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली पत्रकं आणि कार्यक्रमांचे फोटो पुढे पाठवतो. त्याला मी दोष देत नाही. एकट्याने त्याने कुठे कुठे पोचावं?

पण परिणाम दिसतोय. जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने म्हादई अभयारण्य आणि इतर भाग व्याघ्र क्षेत्र म्हणून अधिसूचित करायचा आदेश दिला, तेव्हा पणजीतून प्रतिक्रियांवर प्रतिक्रिया आल्या. मंत्री बोलले, पर्यावरणवादी बोलले, वकील बोलले. अभयारण्याच्या आत ज्यांची घरं आणि काजूच्या बागा आहेत, त्यांच्या ओसरीवर बसून ऐकून घेतलेलं मला फार थोडं वाचायला मिळालं.

गोव्यात १९१ पंचायती आहेत. ग्रामसभा बहुतेक रविवारीच होतात, त्यातही एकाच रविवारी अनेक गावांत. डोंगरकापणी, सांडपाणी, मोठे गृहप्रकल्प हे विषय सगळ्यात आधी तिथे निघतात. तिथे वही घेऊन कुणी बसलेलं नसेल, तर दुसऱ्या दिवशी सरपंच सांगतील तेच घडलं असं ठरतं.

म्हणून विचारतो: गावातली बातमी यापुढे कोण आणणार, आणि तिचे पैसे कोण देणार? या धंद्यात असलेल्यांनी मोकळेपणाने लिहावं. टोपणनावं आहेतच.

मांद्रेकर
वाचतोय. पेडण्यातही हीच गत. मोपाचा विमानतळ आला, जमिनींचे भाव कुठल्या कुठे गेले, आणि माझ्या ओळखीचा बातमीदार जमिनीच्या व्यवहारांत गेला. घर चालवायचं असतं, त्याला तरी काय बोलणार.

डेस्कवरचा
निवृत्त होईपर्यंत उपसंपादक होतो. आतून पाहिलेलं सांगतो, जरा लांबेल.

गोव्यात दैनिक कधीच निव्वळ अंकविक्रीवर चाललं नाही. कागद, शाई, छपाई, पहाटेची टेम्पोची भाडी आणि विक्रेत्याचं कमिशन धरलं, तर अंकाच्या किमतीत यातलं निम्मंही निघत नाही. बाकीचं जाहिरातीतून, आणि तेही कमी पडलं की मालकाच्या दुसऱ्या धंद्यातून. मुक्तीनंतरचा आपला इतिहासच बघा. १९६२ मध्ये 'गोमन्तक' चौगुल्यांनी काढला, १९६३ मध्ये 'नवहिंद टाइम्स' आणि १९७० मध्ये 'नवप्रभा' धेंपो समूहाने, १९८७ मध्ये कोकणी 'सुनापरान्त' साळगावकरांनी. ही सगळी खाणींतली घराणी. खनिजाच्या नफ्यावर वर्तमानपत्र चालायचं. त्याच पैशावर तालुक्यातालुक्यांत वार्ताहर होते, रविवारच्या पुरवणीत काणकोणचा नवा कवी छापून यायचा, नाट्यप्रयोगाचं परीक्षण अर्धं पान जायचं.

सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. २०१४ मध्ये मर्यादा घालून परवानगी मिळाली आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाण-लिजेसचं नूतनीकरण रद्द केलं. लोक मोठ्या जाहिरातींबद्दल बोलतात, पण तालुका आवृत्तीचा खरा आधार लहान जाहिरातदार होते. ट्रकचे सुटे भाग विकणारा, टायरवाला, पतसंस्था, डिचोली-सांग्यातली कापडाची दुकानं. चतुर्थीच्या पुरवणीत यांच्या शुभेच्छांनी पानं भरायची. ट्रक थांबले आणि ही मंडळी गप्प झाली. 'सुनापरान्त' २०१५ मध्ये बंद पडला. पुढे २०१९ मध्ये आयात कागदावर १० टक्के सीमाशुल्क लागलं, ते नंतर ५ वर आलं. तेवढ्यात कोविड आला, आणि २०२२ च्या युक्रेन युद्धानंतर कागद पुन्हा भडकला. कागद महागला की पानं कमी होतात, आणि पानं कमी करायची म्हटली की पहिली कात्री तालुका पानालाच लागते. कारण तिथला माणूस ऑफिसात येऊन भांडू शकत नाही.

खाणपट्टा
डेस्कवरचा, तुमच्या अनुभवाचा मान ठेवून सांगतो, खाणीच्या पैशाचं एवढं कौतुक नको. आम्ही ती धूळ गिळली आहे. कुडचड्याच्या रस्त्यावर ट्रकांची रांग तासन् तास हलायची नाही, विहिरी आटल्या, शेतांत गाळ आला. बेकायदा खाणींवरच्या शाह आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत मांडला गेला आणि मग सगळे जागे झाले. आमच्या गावाला त्यातलं बरंच काही आधीपासून माहीत होतं. वार्ताहर तालुक्यात होता, चांगला होता, आमच्याकडे चहाही प्यायचा. त्याने लिहिलेलं छापून यायचं नाही.

माणूस नेमला म्हणजे बातमी आली असं होत नाही. पगार कुणाच्या हातून येतो, तेही बघायला हवं.

डेस्कवरचा
खाणपट्टा, यावर वाद घालणार नाही. खाणीवरचा मजकूर टेबलावर आला की तो वरच्यांना दाखवायचा, ही न लिहिलेली रीत होती. फक्त एवढंच जोडतो की त्या काळात बातमी लिहिली जायची आणि अडवली जायची. आता ती लिहिलीच जात नाही. अडवलेली बातमी निदान चार लोकांना ठाऊक असते, ती दुसऱ्या पेपरात तरी जाते. नऊ-दहा वर्षांपूर्वीपर्यंत असं होताना मी पाहिलं आहे.

तिंटो_मडगाव
मी मडगावात छोटं न्यूज चॅनल चालवतो, यूट्यूब आणि फेसबुकवर. दोघं जण, दोन मोबाइल, एक माइक. आमच्यासारख्यांकडे 'हातात बूम घेतला की झाला पत्रकार' असं बघितलं जातं, म्हणून सविस्तर लिहितो.

३ मे २०२५ ला पहाटे शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली, तेव्हा छापील अंक मशीनवरून उतरले होते. गोव्याने ती बातमी मोबाइलवर पाहिली. अशा वेळी आमच्याकडे दहा मिनिटांत पन्नास व्हिडिओ येतात. त्यातला कुठला टाकायचा, कुणाचा चेहरा झाकायचा, घरच्यांना कळण्याआधी कुणाचं नाव जाता कामा नये, हे सगळं आम्ही उभ्या उभ्या ठरवतो. वर बघायला संपादक नाही, वकील नाही. बदनामीची नोटीस आली तर ती माझ्या घरच्या पत्त्यावर येते आणि आई उघडते.

आता पैशाचं. यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळायला हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास बघितलं गेलेलं असावं लागतं. त्यानंतर मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीचे ५५ टक्के आपल्याला मिळतात. पण राज्य केवढं? २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाख माणसं. त्यांतली मराठी-कोकणीत बातम्या बघणारी किती, आणि त्यांच्यापर्यंत पोचायला जाहिरातदार किती देणार? त्यातून दोघांचं घर चालत नाही. घर चालतं दुकानाच्या उद्घाटनावर, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या लाइव्हवर, फेस्टच्या प्रमोशनवर. ग्रामसभेचा दोन तासांचा व्हिडिओ टाकला तर कुणी बघत नाही, आणि तिथे झालेल्या भांडणाची दोन मिनिटं कापून टाकली की सगळा गोवा बघतो. मग पुढच्या वेळी मी दोन तास बसावं की नाही, तुम्हीच सांगा.

कुळागर_सावईवेरे
तिंटो, तुमचं चॅनल कुठलं ते ओळखलं असं वाटतं. पाण्याच्या टँकरचा विषय तुम्हीच लावून धरला होता ना? आमच्या वाड्यावर टँकर त्यानंतर यायला लागला. पुढे चालू ठेवा.

सान्तानचो_पाव
वाढदिवसाच्या जाहिरातींचा विषय कुणी काढत नाही! त्या बंद झाल्या तर आमच्या पंचसदस्यांचं वय किती हे कुणालाच कळणार नाही. आमच्या घरी अजूनही पेपर आला की आधी निधनाचं पान उघडतात, मग वाढदिवसांचं, मग पहिलं. मामा म्हणतात, कोण आहे नि कोण नाही ते एकदा कळलं, की देशाचं काय ते बघू.

डेस्कवरचा
पाव, हसलो खरा, पण मामांचं पान म्हणजे नक्त पैसा आहे. निधन, वर्षश्राद्ध, चर्चमधली मास, आभार. मंदीत सगळं आटलं तरी हे आटलं नाही, आणि लोक अजूनही ते छापीलच मागतात.

रात्रपाळी
मी सध्या एका दैनिकात आहे. नाव सांगणार नाही.

नोकरीला लागले तेव्हा माझं काम एक पान होतं. मजकूर तपासायचा, मथळा द्यायचा, पान लावून घ्यायचं. आता तेच पान मीच लावते, त्यातल्या बातम्या संकेतस्थळावर चढवते, फेसबुकसाठी कार्ड करते आणि संध्याकाळी रीलचा मजकूरही लिहून देते. पगार वाढला नाही असं नाही, पण माणसं निम्मी झाली आणि त्यांची कामं उरलेल्यांत वाटली गेली.

गेल्या दोन वर्षांत एक मोठा बदल झाला आणि त्याबद्दल बाहेर कुणी बोलत नाही. सरकारी प्रेस नोट इंग्रजीत येते. पूर्वी तिचं मराठी करायला अर्धा तास जायचा. आता एआय मिनिटात करून देतं, आणि आपण वरवर हात फिरवायचा. त्यामुळे पान भरणं फार स्वस्त झालंय. बातमी आणणं मात्र तेवढंच महाग आहे, कारण साखळीहून गावात जायला पेट्रोल लागतं, तिथे दोन तास बसावं लागतं, परत येऊन तलाठ्याला फोन करावा लागतो आणि तो उचलत नाही. व्यवस्थापनाला शेवटी भरलेलं पान दिसतं. ते पत्रकाने भरलं की बातमीने, हा फरक जमाखर्चात कुठेच येत नाही. मी तो रोज रात्री बघते आणि मला त्याचा त्रास होतो.

शिवाय आता भिंतीवर स्क्रीन आहे. कुठल्या बातमीला किती वाचक, ते सगळ्यांना दिसतं. मुंबईतल्या नटीच्या लग्नापुढे आमच्या जलस्रोत खात्याच्या बातमीचं काय होतं, ते सांगायला नको. पण त्याच जलस्रोताच्या बातमीवर एका शेतकऱ्याचा फोन आला होता, की कालव्याचं पाणी कधी सोडणार ते तुमच्यामुळे कळलं. तो स्क्रीनवर एक वाचक म्हणून मोजला जातो.

वाळपईकर
रात्रपाळी ताई, मनापासून आभार. 'पान भरणं स्वस्त, बातमी आणणं महाग', मला नेमकं हेच म्हणायचं होतं.

झुआरीपलीकडे
पण वाचकांचा काहीच दोष नाही का? लॉकडाउनमध्ये आमच्याकडे अंक येईना, तेव्हा सगळ्या पेपरांच्या पीडीएफ ग्रुपवर फिरू लागल्या. लॉकडाउन उठला, पीडीएफ थांबल्या नाहीत. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी सहाला पाच पेपर येतात. डॉक्टर, प्राध्यापक, निवृत्त अधिकारी, सगळे वाचतात. विकत घेणारी दोन घरं. आणि संध्याकाळी हेच लोक 'पत्रकार विकले गेले' असं लिहितात.

मांद्रेकर
+१. हे लागलं.

जुना_मतदार
'विकले गेले' हे उगाच कुणी म्हणत नाही. पेड न्यूजवर २००९ मध्ये प्रेस कौन्सिलने समिती नेमली होती, निवडणूक आयोगाने पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत देखरेख समित्या केल्या. तरी पंचायत निवडणुकीला उभ्या राहिलेल्या माझ्या चुलतभावाला दरपत्रक मिळालंच. मुलाखत एवढ्याला, 'प्रचारात आघाडी' एवढ्याला. त्याच्याकडे पैसे नव्हते, त्याचं नाव पूर्ण निवडणुकीत 'इतर उमेदवार' या शब्दांत आलं. तो सालस माणूस, अजून बोलून दाखवतो.

साखळीचा_माजी
जुना_मतदार, दरपत्रक घेऊन तुमच्या भावाकडे आलेला माणूस बहुधा वार्ताहरच असणार. मी ते काम केलंय म्हणून सांगतो.

तालुका वार्ताहराला मानधन नावापुरतं. छापून आलेल्या मजकुराची सेंटीमीटरने मोजणी व्हायची, महिन्याच्या शेवटी त्याचे पैसे. खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. पेपराचा वर्धापनदिन जवळ आला की ऑफिसातून आकडा यायचा, तुमच्या तालुक्यातून एवढी जाहिरात हवी. तालुक्यात जाहिरात देणारे कोण? आमदार, सरपंच, कंत्राटदार, बिल्डर. म्हणजे सोमवारी ज्याच्या बेकायदा भरावाबद्दल लिहायचं, गुरुवारी त्याच्याच दारात शुभेच्छांची अर्धं पान जाहिरात मागायला उभं राहायचं. तो हसून जाहिरात देतो. पुढचा भराव होतो तेव्हा तुमचा हात उठत नाही. तो धमकी देत नाही, पैसे चारत नाही, काहीच करत नाही. त्याची गरजच उरत नाही.

वाळपईकरबाब, तुमच्या वार्ताहराने पेट्रोलचं कारण सांगितलं असेल. मला वाटतं हेही कारण असणार.

खाणपट्टा
साखळीचा_माजी, हे आजवर कुणी इतकं उघड लिहिलेलं मी वाचलं नव्हतं.

कायदेवाला
थोडी कायद्याची बाजू. श्रमिक पत्रकारांसाठी १९५५ चा कायदा होता. चार आठवड्यांत १४४ तासांपेक्षा जास्त काम नाही, ही तरतूद त्यातलीच. पत्रकारांच्या पगाराबद्दलच्या मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी नोव्हेंबर २०११ मध्ये अधिसूचित झाल्या, सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१४ मध्ये त्या उचलून धरल्या, आणि जून २०१७ च्या निकालात कंत्राटी कर्मचारीही त्यात येतात असं सांगितलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली, आणि तिने पत्रकाराच्या व्याख्येत डिजिटल माध्यमही घेतलं आहे.

पण तालुका वार्ताहर यातून निसटतो. जुन्या कायद्याच्या आणि नव्या संहितेच्याही व्याख्येत पत्रकारिता हा ज्याचा मुख्य व्यवसाय, तो पत्रकार. आपला वार्ताहर शिकवण्या घेतो, नाहीतर झेरॉक्सचं दुकान चालवतो, कारण बातमीवर पोट भरत नाही. आणि पोट दुसऱ्या कामावर भरतं म्हणून तो कायद्याने पत्रकार ठरत नाही. हे भांडण कुणीतरी संघटितपणे लढायला हवं, एकट्याने नाही.

म्हार्दोळचो
जुने पेपर बरे होते. १९६७ च्या जनमत कौलाच्या वेळी 'गोमन्तक' गोव्याच्या महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाच्या बाजूने, 'राष्ट्रमत' विरोधात, सकाळी एक वाचायचा, दुपारी दुसरा, संध्याकाळी तिंट्यावर, म्हणजे चव्हाट्यावर, वाद. आमचे वडील दोन्ही घ्यायचे.

सान्तानचो_पाव
म्हार्दोळचो, १९६७ चं काढू नका, हा धागा पुढच्या १६ जानेवारीपर्यंत, म्हणजे कौलाच्या दिवसापर्यंत, संपणार नाही.

डेस्कवरचा
एकच वाक्य आणि थांबतो. वडील दोन्ही विकत घ्यायचे, हे त्यातलं महत्त्वाचं.

एकचौदा
छापील पेपर गेला तर चालेल म्हणणाऱ्यांसाठी. मी जमिनीच्या कागदपत्रांचं काम करतो, माझा दिवस जाहीर नोटिसांच्या पानावर सुरू होतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात प्राथमिक अधिसूचना दोन दैनिकांत द्यावी लागते, त्यातलं एक प्रादेशिक भाषेतलं. पर्यावरण जनसुनावणीची नोटीस २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे निदान ३० दिवस आधी पेपरात यावी लागते. आमच्या पंचायतीतली एक सुनावणी केवळ एका निवृत्त शिक्षिकेने मराठी पेपरातली नोटीस वाचली म्हणून गावाला कळली. दीडशे माणसं गेली. नोटिशीचे पैसे पेपराला मिळतात, हे वेगळंच. पण नोटीस वाचून तिच्यामागे काय आहे ते शोधायचं काम वार्ताहराचं. त्या शिक्षिकेचं वय झालंय.

दुबईवाला_शिरोडकर
मूळ प्रश्नाकडे येतो, पैसे कोण देणार. मी देईन. राष्ट्रीय बातम्या मला कुठेही मिळतात. शिरोड्यात काय चाललंय ते मात्र भावाला फोन केल्याशिवाय कळत नाही, आणि भाऊ म्हणतो सगळं बरं आहे. गेल्या पावसाळ्यात पूल खचला तेही मला एका रीलवरून कळलं. आखातात, इंग्लंडात असे किती गोंयकार बसलेत. इथे महिन्याला एका जेवणाला जातात तेवढे पैसे गावच्या विश्वासू बातमीसाठी द्यायला माणसं तयार होतील. आजवर आमच्याकडे कुणी मागितलेच नाहीत.

तिंटो_मडगाव
दुबईवाले, मागून बघितलेत. व्हिडिओखाली 'सहकार्य करा' लिहून पैसे येत नाहीत. कुणाला, कशासाठी आणि महिन्याला काय मिळणार, हे स्पष्ट हवं.

रात्रपाळी
मग स्पष्ट करू. एका तालुक्यापुरतं बघा. पंचायतींच्या ग्रामसभा, पालिकेच्या बैठका, नोटिशींचं पान, सरकारी इस्पितळ आणि पाणीपुरवठा. एवढं नियमित बघायला एक पूर्णवेळ माणूस आणि रविवारसाठी दोघं-तिघं मदतीला हवेत. तो लिहील ते तिंटोसारख्या चॅनलने वापरावं, आणि आमच्यासारख्या दैनिकानेही नाव देऊन घ्यावं. आमच्याकडे पानाला मजकूर कमी आहे हे मी रोज बघते. ठरलेल्या दिवशी नेमाने येणारा, तपासलेला मजकूर असेल तर संपादक नाही म्हणणार नाहीत. सगळा भार एका मालकावर टाकला की खाणपट्टा म्हणतात ती अडचण येते. चार ठिकाणचे थोडे थोडे पैसे असतील तर कुणा एकाला तो मजकूर दाबता येणार नाही.

खाणपट्टा
याला माझी संमती, आणि माझे पैसेही. पण देणगीदारांची नावं उघड ठेवा. उद्या एखादा बिल्डर मोठी रक्कम देईल आणि आपण पुन्हा तिथेच येऊ.

कायदेवाला
तालुक्याचं ठरलं तर नोंदणी आणि करार मी बघून देतो, फी नको. नोटिशींना उत्तर द्यायचं कामही घेतो. वार्ताहर नोटिशीला जेवढा घाबरतो तेवढा मारहाणीला घाबरत नाही.

वाळपईकर
सत्तरीपासून सुरुवात करावी असं मला वाटतं, कारण काम सोडलेला माणूस अजून इथेच आहे आणि त्याला प्रत्येक वाडा ठाऊक आहे. ज्यांनी वर तयारी दाखवली त्यांनी मला व्यक्तिगत निरोप पाठवा. मानधन महिन्याचं आणि ठरलेलं असावं, सेंटीमीटरचं नाही, असं मी त्याला सांगणार आहे.

साखळीचा_माजी
रविवारच्या ग्रामसभांना मी जाईन, डिचोलीच्या बाजूच्या. फक्त करारात एक ओळ घाला: या माणसाला कुणीही, कधीही, जाहिरात आणायला सांगणार नाही.